घरातले उंदीर क्रूरपणा न करता कसे घालवायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: स्वयंपाकघरात उंदीर झालेत, विष घालायला मन धजत नाही म्हणून पिंजरा आणला. त्यात दोन सापडले. ते गाडीतून लांब नेऊन मोकळ्या जागेत सोडले, तरी रात्री ट्रॉलीमागची खुडबुड चालूच आहे. आता घरातले म्हणतात, पुरे झाली ही दया, औषध आणा. घरांमधले उंदीर घालवण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय आणि अशा पेचात अडकलेली माणसं मला सारखी भेटतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पिंजरा आणायचा की चाप, हा प्रश्न नंतरचा. आधी घराच्या फटींचं बघायला हवं. फट उघडी असली की दोन उंदीर सोडून आलात काय आणि दहा मारलेत काय, रिकामी झालेली जागा बाहेरचे उंदीर भरून काढतात आणि दर महिन्याला तुम्हाला पुन्हा जीव धरावे किंवा घ्यावे लागतात. फट एकदा नीट बुजली की ही वेळच येत नाही. उंदरांवर खरोखर दया करायची असेल तर पैसे आणि श्रम आधी भिंतीवर, दारावर आणि पाइपांच्या भोकांवर घाला. एवढं पटलं तर पुढचं सगळं सोपं आहे.

तुमच्याकडे नक्की कोण आलंय, ते आधी पाहा. लहान घरउंदीर १२ ते ३० ग्रॅम वजनाचा असतो. त्याच्या लेंड्या जिऱ्याएवढ्या, ३ ते ६ मिलिमीटरच्या, दोन्ही टोकांना निमुळत्या असतात आणि एका उंदराच्या दिवसाला पन्नासच्या वर पडतात. पालीच्या विष्ठेला एका टोकाला पांढरा ठिपका असतो, त्यावरून ती लगेच वेगळी काढता येते. लेंड्या सेंटिमीटरभर किंवा त्याहून मोठ्या असतील तर तो मोठा उंदीर किंवा घूस आहे आणि त्यांचं वागणं निराळं. ते नव्या वस्तूला बिचकतात, कित्येक दिवस पिंजऱ्याजवळही फिरकत नाहीत. लहान घरउंदीर उलट चौकस असतो, नवीन वस्तू दिसली की जाऊन हुंगतो. लांब टोकदार नाक, बारीक डोळे आणि उग्र दर्प असलेलं जनावर दिसलं तर ती चिचुंद्री. ती झुरळं-किडे खाते, धान्याला लागत नाही. तिला दार उघडून वाट करून द्या, तेवढंच पुरे. तुमच्या वर्णनावरून तुमच्याकडे लहान घरउंदीरच दिसतोय, तेव्हा पुढचं त्याच्याबद्दल.

आता तुम्ही लांब सोडलेल्या दोघांविषयी. वाईट वाटेल, पण सांगायलाच हवं. घरउंदीर पिढ्यानपिढ्या माणसाच्या आडोशाने जगत आलेला प्राणी आहे. अनोळखी उघड्या जागी त्याला बीळ माहीत नसतं, खाणं कुठे आहे ठाऊक नसतं, आणि तिथले आधीचे उंदीर त्याला टिकू देत नाहीत. घुबड, मांजर, थंडी, पाऊस यांच्यापुढे तो बहुधा फार दिवस काढत नाही. म्हणजे ‘लांब सोडला’ यात आपल्या मनाचं समाधान होतं, उंदराचं भलं क्वचितच होतं. सोडायचाच असेल तर घराजवळच, शंभरेक मीटरच्या आत, झुडूप, लाकडांचा ढीग किंवा दगडांची रास अशा आडोशाला सोडा. वेळ संध्याकाळची, पाऊस नसताना, आणि शेजारी मूठभर दाणे टाका. तुम्ही म्हणाल, मग तो परत येईल. फटी उघड्या असतील तर नक्कीच येईल. म्हणून सोडण्याबरोबरच घर बंद करण्याचं कामही व्हायला हवं. आणि दुसऱ्याच्या घराशेजारी, गोठ्याशेजारी किंवा गोदामाजवळ तर सोडूच नका. आपली अडचण शेजाऱ्याच्या गळ्यात टाकली की तिथे ती विषानेच सुटते.

फटी शोधण्याचं काम कंटाळवाणं आहे, पण सगळं यश त्यातच आहे. घरउंदीर ६ मिलिमीटरच्या फटीतून आत येतो. डोकं शिरलं की बाकीचं अंग तो ओढून घेतो. त्यामुळे साधी पेन्सिल हातात घेऊन घरभर फिरा. पेन्सिल जिथे आत जाते तिथून उंदीर जाऊ शकतो असं धरा. ओट्याखाली सिंकचा पाइप भिंतीत शिरतो तिथे, गॅसच्या नळीच्या भोकाशी, एसीच्या पाइपाभोवती, इंटरनेटची केबल जिथून आत येते तिथे, ट्रॉल्यांच्या मागे जिथे गिलावा अर्धवट सोडलेला असतो तिथे, सरकत्या खिडकीच्या कोपऱ्यात आणि मुख्य दाराखाली बघा. दाराखालची फट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. दाराबाहेर दिवा लावून ठेवा आणि आत अंधार करून जमिनीला डोकं टेकून पाहा. उजेडाची रेघ दिसली तर वाट आहे.

उंदीर मोकळ्या जागेतून सहसा जात नाही. भिंतीला अंग घासत, ठरलेल्या वाटेने जातो. त्याच्या अंगाच्या तेलकटपणाने त्या वाटेवर आणि भोकाच्या कडेला काळपट डाग पडतो. बॅटरी आडवी धरली की तो चमकतो. डाग सापडला नाही तर रात्री झोपण्यापूर्वी ओट्याखाली, फ्रिजमागे आणि दारापाशी टाल्कम पावडरचा पातळ थर पसरा. सकाळी बारीक पावलं आणि शेपटीची रेघ कुठून कुठे गेलीय ते दिसतं. पिठाने काम होतं, पण ते खाल्लंही जातं, म्हणून मी पावडरच वापरतो. घरउंदीर घरट्यापासून फार दूर जात नाही, बहुधा ३ ते ९ मीटरच्या टापूतच वावरतो. तेव्हा खुणा ट्रॉलीमागे असतील तर घरटंही त्याच खोलीत किंवा तिच्या भिंतीपलीकडे असणार. माळ्यावर किंवा बेडरूममध्ये शोधत बसू नका.

भोकं सापडली की लगेच सिमेंट घेऊन बसू नका. ही घाई मी अनेक घरांत पाहिली आहे. आत उंदीर असताना सगळं बंद केलं तर ते भिंतीत किंवा ट्रॉलीमागे उपाशी मरतात, वास सुटतो, आणि बाहेर पडायला ते नव्या जागी कुरतडतात. त्यापेक्षा प्रत्येक भोकात वर्तमानपत्राचा बोळा हलकासा कोंबा आणि तीन-चार रात्री रोज सकाळी पाहा. बोळा तसाच राहिला तर ती वाट वापरात नाही, ती कायमची बुजवा. बोळा ओढलेला किंवा कुरतडलेला दिसला तर ती चालू वाट. चालू वाट सगळ्यांत शेवटी, आतला वावर थांबल्यावर बंद करायची. अशा दोन-तीनच वाटा निघतात आणि पिंजरे कुठे ठेवायचे हेही त्यावरूनच ठरतं.

बुजवायला काय वापरता यावर बरंच अवलंबून आहे. नुसता फोम किंवा सिलिकॉन उंदीर एका रात्रीत पोखरतो, प्लास्टिकची जाळीही कुरतडतो. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत असतात, त्यामुळे कुरतडणं ही त्याची गरजच आहे. लहान भोकात आधी स्टेनलेस स्टीलची किंवा तांब्याची तारजाळी घट्ट ठासा, त्यावर सिमेंट किंवा एपॉक्सी पुट्टी लावा. भांडी घासायची साधी लोखंडी घासणी ओलाव्याने गंजते आणि काही महिन्यांत भुगा होते. हवा खेळायची भोकं बुजवू नका. त्यांना ५ मिलिमीटर छिद्रांची धातूची जाळी लावा. दाराखाली धातूची पट्टी असलेला ब्रश बसवा, रबराची पट्टी पुरत नाही.

हे चालू असतानाच खाणं बंद करा. इथे फार मोठी अपेक्षा मात्र ठेवू नका. घरउंदराला दिवसाला ३ ग्रॅमच्या आसपास अन्न पुरतं आणि ते तो रात्रभरात वीस-वीस वेळा थोडं थोडं खातो. गॅसखाली सांडलेल्या दाण्यांवरही त्याचं भागतं. पाण्याचंही तसंच, कोरड्या धान्यातल्या ओलाव्यावर तो बराच काळ काढू शकतो. तरीही धान्य-डाळी काचेच्या किंवा धातूच्या घट्ट झाकणाच्या डब्यांत ठेवा, कुत्र्या-मांजराचं भांडं रात्री उचला, केर रात्रीच बाहेर काढा, शेगडीखालची जागा पुसा. याने उंदीर लगेच जाणार नाही, पण पिंजऱ्यातल्या खाण्याला किंमत येईल आणि नव्याला थांबावंसं वाटणार नाही.

आता पिंजरा. बाजारात सहज मिळतो तो मोठा जाळीचा पिंजरा मोठ्या उंदरासाठी असतो. त्याच्या जाळीतून लहान घरउंदीर खाणं खाऊन आरामात निघून जातो, आणि स्प्रिंगचं दार आपटलं तर शेपूट चेंगरते. लहान उंदरासाठी बंद डबीसारखा, उतरतं दार असलेला छोटा पिंजरा घ्या, आणि एक नको, पाच-सहा घ्या. भिंतीला चिकटून, तोंड वाटेच्या दिशेने, दोन-दोन मीटरवर ठेवा. शेंगदाण्याची पेस्ट शेंगदाण्याच्या दाण्याएवढीच लावा. चीजचा तुकडा ही केवळ चित्रातली गोष्ट आहे. कधीकधी खाण्यापेक्षा कापसाच्या छोट्या बोळ्याला उंदीर लवकर भुलतो, कारण घरटं बांधणाऱ्या मादीला तो हवा असतो.

पिंजरा लावला की जबाबदारी सुरू झाली. एवढ्याशा जिवाची ऊर्जा झपाट्याने संपते. रिकाम्या पत्र्याच्या डबीत रात्रभर अडकलेला उंदीर थंडीने, तहानेने किंवा नुसत्या घाबरण्याने सकाळपर्यंत मेलेला असू शकतो. आत टिश्यूचा चुरा आणि सफरचंदाची किंवा काकडीची फोड ठेवा. झोपण्यापूर्वी एकदा, पहाटे एकदा, आणि मध्ये जाग आली तर तेव्हाही पाहा. दिवसभर घरी कोणी नसणार असेल तर पिंजरे बंद करून ठेवा. शनिवारी लावून सोमवारी पाहिलेला पिंजरा विषापेक्षा दयाळू नसतो.

एक गोष्ट जवळजवळ कोणी पाहत नाही. पिंजऱ्यात सापडलेला उंदीर पारदर्शक बरणीत घेऊन खालून त्याचं पोट बघा. स्तनाग्रं स्पष्ट दिसत असतील आणि त्यांच्याभोवतीचे केस गेलेले असतील तर ती पाजणारी आई आहे. तिला दूर नेलंत तर घरट्यातली आंधळी, केस न आलेली पिल्लं उपासाने मरतात, आणि ते तुम्हाला कळतं फक्त वासावरून. पिल्लांचे डोळे उघडायला सुमारे दोन आठवडे आणि दूध सुटायला तीन आठवडे लागतात. मी अशा मादीला जिथे सापडली तिथेच सोडतो, आणि घरातल्यांना तीन आठवडे धीर धरायला सांगतो. तोपर्यंत धान्य बंद, विजेच्या तारांवर लक्ष. मग पिल्लं स्वतः फिरायला लागली की जास्त पिंजरे लावून सगळ्यांना एकदम काढायचं. यात एक धोका आहे, तो लपवत नाही: मादी विल्यावर दिवसभरातच पुन्हा गाभण राहू शकते आणि पुढची वीण १९ ते २१ दिवसांत येते. म्हणून तीन आठवडे झाल्यावर एक दिवसही ढिलाई नको. घरटं हाती लागलं आणि तुम्हाला जमत असेल तर आई आणि पिल्लं घरट्यासकट एका खोक्यात घालून बाहेरच्या आडोशाला ठेवणं हा दुसरा मार्ग. आई पिल्लांना स्वीकारतेच असं नाही, पण त्यांना काही तरी संधी मिळते.

आता नकोसा वाटणारा भाग. काही घरांत मारण्यावाचून पर्याय उरत नाही. घरात तान्हं बाळ आहे, कोणाची प्रतिकारशक्ती खालावलेली आहे, किंवा उंदीर एवढे झालेत की पिंजऱ्यांनी आवरत नाहीत. अशा वेळी चांगल्या प्रतीचा, लहान उंदरासाठी बनवलेला चाप हा मला सगळ्यांत कमी त्रासाचा मार्ग वाटतो. नीट बसला तर मान किंवा डोकं चिरडून काही सेकंदांत संपतं. स्वस्त चापाची स्प्रिंग ढिली असते, त्यात पाय अडकतो आणि जनावर तासन् तास तडफडतं. चाप भिंतीला काटकोनात, खाण्याचं टोक भिंतीकडे, आणि मुलं-मांजरं-पक्षी पोचणार नाहीत अशा खोक्यात ठेवा. तोही पिंजऱ्याइतक्याच वेळा तपासा. अर्धमेला सापडला तर डोक्यावर जड वस्तूचा एकच जोरदार घाव घालून ताबडतोब संपवा. हे करण्याची तयारी नसेल तर चाप लावू नका, जाणत्या माणसाला बोलवा.

पिंजरा बादलीत बुडवणं फार घरांत चालतं आणि लोक त्याला स्वच्छ मरण समजतात. उंदीर पोहणारा प्राणी आहे, जाळीला नाक लावून शेवटपर्यंत धडपडतो. फ्रीझरमध्ये ठेवणंही तसंच. दोन्ही करू नका.

चिकट पॅड तर घरात आणूच नका. त्यावर उंदीर लगेच मरत नाही. कातडी फाटते, सुटण्यासाठी तो स्वतःचा पाय चावतो, नाक चिकटलं तर गुदमरतो, नाहीतर थकून, तहानेने मरतो, आणि हे दिवसभर चालू शकतं. पाली आणि लहान पक्षीही त्यात अडकतात. न्यूझीलंडमध्ये २०१५ पासून अशा पॅडच्या विक्रीवर आणि वापरावर बंदी आहे, फक्त सरकारी परवानगीने अपवाद होतो. इंग्लंडमध्ये ३१ जुलै २०२४ पासून सामान्य माणसाने ते लावणं गुन्हा आहे. एखादा जीव चिकटलेला सापडला तर ओढू नका. खायचं तेल कडेने सोडून हळूहळू मोकळा करा, नाकातोंडात जाऊ देऊ नका. अंग फाटलेलं असेल तर पशुवैद्याकडे न्या.

औषध आणण्याचा आग्रह घरातले करतायत, त्यांना हे वाचून दाखवा. दुकानातल्या बहुतेक गोळ्या रक्त गोठू न देणाऱ्या असतात. त्या शरीरातल्या के जीवनसत्त्वाचं काम बंद पाडतात आणि उंदीर आतल्या आत रक्तस्राव होऊन मरतो. याला काही दिवस लागतात, आणि त्या दिवसांत त्याला वेदना होतात. ‘गोळी खाल्ली की तहान लागते आणि तो बाहेर जाऊन मरतो’ हा समज खोटा आहे. तो बहुतेक वेळा आपल्या घरट्यात, म्हणजे तुमच्या ट्रॉलीमागे मरतो. मंद झालेला उंदीर मांजराने किंवा घुबडाने खाल्ला तर विष त्यांच्यात जातं. लहान मुलाने किंवा कुत्र्याने गोळी तोंडात घातली असा संशय आला तर त्रास दिसण्याची वाट पाहू नका, पाकीट घेऊन लगेच डॉक्टरांकडे किंवा पशुवैद्याकडे जा. या प्रकारच्या विषावर के-वन जीवनसत्त्व हा उतारा आहे, पण तो वेळेत द्यावा लागतो.

प्लगमध्ये लावायची आवाजाची यंत्रं पैसे वाया घालवतात. तो आवाज भिंतीतून आणि कपाटामागे जात नाही, आणि उंदीर त्याला लवकर सरावतो. पुदिन्याचं तेल, कापूर यांचंही तसंच. डांबरगोळ्या तर आपल्यालाच घातक, त्या स्वयंपाकघरात नकोत. मांजर पाळायचं तर मांजरासाठी पाळा. तिच्या वासाने काही उंदीर दबकतात, पण तिच्या पंजातलं मरण सावकाश असतं आणि भिंतीतली फट ती बुजवत नाही.

साफसफाई करताना लेंड्या कोरड्या झाडू नका, व्हॅक्यूमही लावू नका. सुकलेल्या लेंड्या आणि मूत्र यांची धूळ श्वासात जाते. खिडक्या उघडून अर्धा तास थांबा, हातमोजे घाला, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं द्रावण शिंपडून पाच मिनिटं भिजू द्या, मग कागदाने उचला. उंदरांमुळे लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस), साल्मोनेला या जंतूने होणारे जुलाब असे आजार पसरतात. घरउंदराकडून येणारा एक विषाणू गर्भातल्या बाळाला इजा करू शकतो, म्हणून गरोदर बाईने हे काम आणि पिंजरे हाताळणं दुसऱ्या कोणावर सोपवावं.

शेवटची चालू वाट बुजवल्यावरही पावडर आणि एक-दोन पिंजरे निदान तीन आठवडे राहू द्या. आत एखादं घरटं राहिलं असेल तर पिल्लं त्याच सुमाराला बाहेर पडतात. तेवढा काळ नवी लेंडी नाही, पावडरीवर पाऊल नाही, तर घर मोकळं झालं. इमारतीत राहत असाल तर पाइपांच्या डक्टचं वरच्या-खालच्या घरांशी बोलून एकदमच पाहून घ्या, एकट्या घराने केलेलं तिथे टिकत नाही. आणि माणूस बोलवायची वेळ आली तर त्याला तीनच गोष्टी विचारा: फटी तुम्ही स्वतः बुजवता का, चिकट पॅड वापरता का, आणि लावलेले सापळे दिवसातून किती वेळा कोण तपासणार. पहिल्याला ‘नाही’, दुसऱ्याला ‘हो’ किंवा तिसऱ्याला ‘आठवड्याने येऊ’ असं उत्तर मिळालं तर दुसरा माणूस शोधा.